तिकडे कोण आहे?

उरलेली कॉफी बेसिनमध्ये ओतायचीही अण्णांसमोर चोरी होती. कप जरा वाकडा केला की मागून आवाज यायचा, "तिकडे कोण आहे बघून आलात का?" नवीन माणूस दचकून मागे बघायचा, जुने हसायचे. मी नागपूरहून येऊन त्या कंपनीत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मला हा प्रश्न मराठीत विचारला गेला. परक्या गावात आपली भाषा ऐकून मला इतका आनंद झाला, की प्रश्न काय आहे याकडे माझं लक्षच गेलं नाही.

अण्णा बंगळूरचे जुने मराठी. त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आले आणि इथेच राहिले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मध्येच "स्वल्प थांबा" यायचं आणि पटलं की "सरी". माझ्याहून तीस वर्षांनी मोठे असूनही ते मला अक्का म्हणायचे. मी एकदा अवघडून म्हटलं, अहो, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे. त्यावर ते म्हणाले, की इथे भाजीवालीपासून डॉक्टरणीपर्यंत सगळ्याच अक्का, त्यात वयाचा काय संबंध.

बनशंकरीत एका घराच्या तळमजल्यावर आमची छोटीशी कंपनी होती. आठ माणसं. आम्ही नमुन्याचे सर्किट बोर्ड बनवायचो. तांब्याचा पातळ थर चढवलेला फायबरचा पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायचा. नको असलेलं तांबं विरघळून जातं आणि हव्या तेवढ्या रेघा शिल्लक राहतात. पंचवीस-तीस बोर्ड झाले की द्रावण थकतं. तपकिरी होतं ते काळपट हिरवं होतं, त्याला लोखंड गंजल्यासारखा वास येतो आणि त्यात विरघळलेलं तांबं तसंच राहतं. बाकीच्या सगळ्यांच्या दृष्टीने तिथे काम संपायचं. अण्णांचं तिथे सुरू व्हायचं.

मागच्या अंगणात त्यांनी प्लास्टिकचे मोठे टब मांडले होते. धातूचं भांडं चालत नाही, द्रावण ते खाऊन टाकतं. दांड्यापर्यंत झिजलेला एक स्टीलचा चमचा त्यांनी दाखवण्यासाठी भिंतीला टांगून ठेवला होता. टबात द्रावण घेऊन त्यात ते धुण्याचा सोडा टाकत. एकेक चमचा. टाकला की फसफसून फेस वर यायचा, तो बसेपर्यंत लाकडी उलथन्याने ढवळत राहायचं, मग पुढचा चमचा. एकदम टाकला तर टब उतू जातो. दुधाच्या पातेल्यापाशी बाई उभी असते तसे ते दोन-दोन तास उभे असत. खिशातल्या पुडीतून पीएचचा कागद काढायचा, बुडवायचा, उजेडात धरायचा. लाल. अजून नाही. नारिंगी. अजून नाही. हिरवा होऊन निळ्याकडे झुकला की ते मान हलवत. मग टब झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवायचा. गाळ खाली बसायचा, वर पाणी निवळायचं. पाणी पुन्हा तपासायचं, गाळ वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचा आणि तो घातक कचरा नेणाऱ्या परवान्याच्या गाडीलाच द्यायचा. "तांबं नाहीसं होत नाही अक्का," ते म्हणायचे. "पाण्यातनं काढून डब्यात ठेवता येतं, एवढंच."

तो पीएचचा कागद ते कशातही बुडवत. हॉटेलातल्या सांबारात, बोअरच्या पाण्यात, एकदा साहेबांच्या मुलीच्या वाढदिवसाच्या सरबतात. त्यांचे सगळे शर्ट तपकिरी असायचे. फेरिक क्लोराइडचा डाग निघत नाही, म्हणून डागाच्या रंगाचंच कापड घेतलेलं बरं, असा हिशेब. बोटांची नखं कायम पिवळी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बसवनगुडीतल्या घरी ते एकटे राहत आणि तिथेही मागच्या दारी टब होतेच. शहरातले हौशी लोक, कॉलेजची मुलं घरी बोर्ड बनवायची आणि उरलेलं द्रावण काय करायचं ते कळेना की अण्णांकडे आणायची. कुणी थंड पेयाच्या बाटलीत भरून आणलं तर अण्णा बाटली आधी घेत, तिच्यावर लाल रंगाने कन्नडमध्ये ‘विष’ लिहीत आणि मग त्या मुलाला इतकं झापत, की तो पुन्हा येणार नाही असं वाटे. पण तो यायचा.

त्यांच्या त्या प्रश्नाला आम्ही सगळे हसायचो. ती कर्मचाऱ्यांना सांगायची शिस्तीची म्हण आहे, असंच मला वाटत होतं.

दोन वर्षांत कंपनी वाढली. बनशंकरीची जागा सोडून आम्ही गावाबाहेरच्या एका शेडमध्ये गेलो. टबांची जागा पिंपांनी घेतली. एवढ्या द्रावणाला चमच्याने सोडा घालत बसणारा माणूस साहेबांना नकोसा होऊ लागला. त्यांनी एक कंत्राटदार गाठला. आठवड्यातून दोनदा त्याचा टँकर यायचा, पिंपं रिकामी करून घेऊन जायचा. माझ्याकडे कागदपत्रांचं काम होतं. माल परवानाधारक केंद्रावर पोचला, अशा अर्थाचा एक फॉर्म असायचा, त्यावर मी सही करायची. फॉर्म टँकर निघायच्या आधीच भरून तयार असायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, पण मी थांबून विचार केला नाही.

अण्णांनी केला. ते एक दिवस माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, की ते केंद्र इथून जाऊन-येऊन चार तासांवर आहे आणि टँकर दीड तासात रिकामा होऊन दुसऱ्या खेपेला परत येतो. मी म्हटलं, मध्ये कुठे दुसऱ्या गाडीत भरत असतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पुढची सही करायच्या आधी एकदा माझ्याबरोबर चला," ते म्हणाले.

त्या गुरुवारी दुपारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी टँकरच्या मागे गेले. फार लांब जावं लागलं नाही. नवीन प्लॉट पाडलेल्या एका मोकळ्या माळाच्या कडेने राजकालुवे जातो, म्हणजे पावसाचं पाणी तळ्याकडे नेणारा मोठा नाला. टँकर तिथे मागे घेऊन लावला. ड्रायव्हरने जाड नळी सोडली, खाली वाकून तोटी फिरवली आणि बाजूला जाऊन फोनवर बोलत उभा राहिला. काळपट हिरवी धार नाल्यात पडू लागली. वास आम्हांपर्यंत आला.

मला वाटलं होतं, अण्णा ड्रायव्हरला धरतील, ओरडतील. त्यांनी स्कूटर तशीच आडवी टाकली आणि पळत सुटले ते ड्रायव्हरकडे नाही, नाल्याच्या काठाकडे. साठीला आलेला माणूस, एक चप्पल मागे राहिली. काठावर गुडघे टेकून ते खाली वाकले आणि ओरडू लागले, "केळगे यारिद्दीरा? यारादरू इद्दीरा?" खाली कोण आहे, कुणी आहे का. नाल्याच्या वळणापर्यंत ते तसेच ओरडत, धडपडत गेले. खाली कुणीही नव्हतं. एक प्लास्टिकची खुर्ची उलटी पडली होती, चिखल होता. ड्रायव्हर फोन कानाला लावून त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत होता. ते एकाच चपलेवर परत आले. मी त्यांची चप्पल उचलून दिली.

माझ्या हातात फोन होता. फोटो काढायचं मला सुचलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून आले. अर्ध्या तासाने साहेबांनी मला बोलावलं. ते रागावलेले नव्हते. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवून त्यांनी विचारलं, की अण्णा म्हणतात तुम्हीही तिथे होतात. टँकरमधून काय पडत होतं ते तुम्ही नक्की बघितलंत का? त्यांच्या टेबलावर माझे सह्या केलेले फॉर्म एकावर एक रचून ठेवले होते. मी ते बघितले.

"मी लांब होते," मी म्हणाले. "मला नीट दिसलं नाही."

त्या महिनाअखेरीस अण्णांना निवृत्त करण्यात आलं. शाल, नारळ, फळांची टोपली. साहेबांनी भाषणात त्यांना कंपनीचा पाया म्हटलं. अण्णांनी शाल घडी करून बगलेत धरली, सगळ्यांना नमस्कार केला, माझ्यापाशी आल्यावर "ऊट झालं का अक्का?" म्हणजे जेवलात का, एवढं विचारलं आणि गेले.

दोन आठवड्यांनी मी बसवनगुडीला त्यांच्या घरी गेले. ते मागच्या दारी टबात सोडा टाकत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, स्वल्प थांबा, आत्ता फेस वर येतोय. फेस बसल्यावर त्यांनी हात धुतले आणि माझं काही ऐकून न घेता विचारलं, की रविवारी सकाळी वेळ आहे का.

रविवारी त्यांनी मला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका वस्तीत नेलं. हातात एक डझन केळी आणि वर्तमानपत्र. एका खोलीच्या घरापुढे पायरीवर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. त्याचा डावा डोळा बंद होऊन कातडीत मिसळून गेला होता, उजव्यावर पांढरा पडदा होता आणि गालावरून गळ्यापर्यंत कातडी ओढल्यासारखी चकचकीत. त्याचं नाव मुनियप्पा. अण्णांचं पाऊल वाजल्याबरोबर त्याने मान वर केली आणि हसला. अण्णा त्याच्या शेजारी बसले, त्याला पेपर वाचून दाखवला, राजकारणावर दोघांनी थोडा वाद घातला, सुनेने आणून दिलेली कॉफी प्यायली. तासाभराने आम्ही उठलो. माझ्या तोडक्यामोडक्या कन्नडला एवढंच समजलं, की मुनियप्पा म्हणत होता, पुढच्या रविवारी चष्मा आणा, आज तुम्ही फार अडखळत वाचलंत.

परत येताना बसस्टॉपच्या बाकावर अण्णांनी मला सांगितलं. आमच्या कंपनीच्या आधी ते जुन्या पेठेतल्या एका गल्लीत कामाला होते. तिथे मुलामा देणारी, बोर्ड बनवणारी पुष्कळ दुकानं होती आणि सगळे आपलं वापरलेलं द्रावण मागच्या गटारात ओतत. अण्णाही. एक दिवस गल्लीतलं गटार तुंबलं आणि साफ करायला माणसं आली. सकाळी बांबूच्या कामट्या घेऊन आलेली ती माणसं अण्णांनी बघितली होती. दुपारपर्यंत ती गेली असतील, असं ते धरून चालले. पंचवीस लिटरचा डबा होता. त्यांनी तो एकदम ओतला. पुढच्या चेंबरमध्ये मुनियप्पा नळीच्या तोंडाशी वाकून कामट्या घालत होता.

"संध्याकाळी कळलं, एका माणसाला तोंड गुंडाळून रिक्षातनं नेलं म्हणून," अण्णा म्हणाले. "कुणाच्या दुकानातनं आलं ते कुणी विचारलं नाही. विचारायला कोण येणार होतं त्याच्यासाठी? मीही गप्प बसलो."

तीन आठवड्यांनी ते शोधत शोधत त्याच्या घरी गेले होते ते सांगायलाच. दारात उभे राहिले. मुनियप्पाच्या डोळ्यांवर पट्टी होती. कोण आलंय त्याला ठाऊक नव्हतं, पण आत या, बसा, जेवण झालं का, असं त्याने विचारलं. अण्णांना बोलता आलं नाही. पुढच्या रविवारी सांगू म्हणून ते परत गेले. त्याला बावीस वर्षं झाली होती.

"तुमचा राग मला कुठल्या तोंडानं येणार अक्का?" ते म्हणाले. "तुम्ही एका वाक्यात चुकलात. पण ते वाक्य अजून ताजं आहे, बदलता येतंय. माझं वाळून गेलं."

मी ते बदललं. दुसऱ्याच आठवड्यात प्रदूषण खात्याकडे मी माझ्या नावाने लिहून दिलं, की फॉर्मवरच्या सह्या माझ्या आहेत, त्यातला मजकूर खोटा आहे आणि टँकर कुठे रिकामा होतो ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. तपासणी झाली. शेड काही आठवडे बंद राहिली, मग दुसऱ्या कंत्राटदाराला घेऊन पुन्हा सुरू झाली. तो टँकर कुठे जातो ते मला माहीत नाही. नोकरी अर्थातच गेली. काही महिन्यांनी मारतहळ्ळीत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले, तिथे ओतायला कॉफीशिवाय काही नाही. अण्णांना हे सगळं सांगायला गेले तेव्हा ते ऐकून घेऊन "सरी" म्हणाले. शाबासकी वगैरे काही नाही. नवीन आलेल्या एका बाटलीवर लाल अक्षरं काढत होते, ती पुरी केली.

गेल्या वर्षी अण्णांच्या शेजारच्या बाईंचा मला फोन आला. अण्णा मागच्या दारी टबापाशी पडलेले सापडले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. उलथनं टबातच होतं आणि सोड्याचं पाकीट हातातून सुटून जमिनीवर सांडलं होतं. त्यांचं सगळं झाल्यावर मी तीन दिवस रजा काढून ते अंगण आवरलं. अर्धवट राहिलेला टब त्यांनी शिकवलं होतं तसा चमच्याचमच्याने पुरा केला, गाळ भरला, परवान्याची गाडी बोलावली आणि ती केंद्रावर पोचेपर्यंत मागे गेले. गाडी पोचली, पिंपं आत गेली, मग मी सही केली. शेजारच्या बाई म्हणाल्या, चांगले होते हो, पण आता आमच्या जिवाचा घोर गेला.

मग रविवार आला. मुनियप्पाला कोण सांगणार, हा प्रश्न होता. मीच गेले.

तो पायरीवरच बसला होता. दोन रविवार चुकले होते, त्यामुळे त्याला अंदाज आला असावा. मी अण्णा गेल्याचं सांगितलं. एव्हाना माझं कन्नड बरं झालं होतं. सून आतून दाराशी येऊन उभी राहिली. मग त्याने विचारलं, "ते माझ्याकडे का यायचे, तुम्हांला कधी बोलले? नात्याचे नाहीत, जातीचे नाहीत. कुठल्या संस्थेचे म्हणावं तर कधी पावतीवर अंगठा मागितला नाही. मी विचारलं की पेपर वाचायला लागायचे."

एकदा मला नीट दिसलं नव्हतं. आता मला माहीत नाही, असं म्हणणं माझ्याच्याने होईना. मी सांगितलं. गल्ली, डबा, बांबूच्या कामट्या, इतक्या वर्षांपूर्वीचं ते दारात उभं राहणं, सगळं.

सुनेने पदर तोंडाला लावला. मुनियप्पा मान खाली घालून ऐकत होता. माझं संपल्यावर तो म्हणाला, "मी ओरडलो होतो. खूप ओरडलो. वर कुणीतरी शटर खाली ओढलं, तो आवाज मला आला होता."

अण्णांनी मला हे सांगितलं नव्हतं. संध्याकाळी कळलं, असं सांगितलं होतं. ते शटर त्यांचं होतं की दुसऱ्या कुणाचं, हे आता कुणालाही विचारता येणार नव्हतं. मी म्हटलं, त्या गल्लीत पुष्कळ दुकानं होती. तो म्हणाला, हो, पुष्कळ होती.

मी त्यांच्या वतीने काही बोलू बघत होते. त्यांना किती लागलं होतं, पुढे त्यांनी एक थेंबही कुठे जाऊ दिला नाही, शहरातली पोरं त्यांच्याकडे कशी यायची. त्याने हात वर करून मला थांबवलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"या एवढ्या मोठ्या गावात एक माणूस काही कारण नसताना माझ्याकडे येतो," तो म्हणाला, "असं मी सुनेला सांगायचो. नातवाला सांगायचो. आता कारण कळलं."

मी पायरीवरून उठले. केळी आणली होती ती तशीच कडेला ठेवली. कन्नडमध्ये निरोप देताना ‘होगि बन्नि’ म्हणतात, जाऊन या. नुसतं ‘जा’ असं दारातून कुणी कुणाला म्हणत नाही.

"होगि," मुनियप्पा म्हणाला.